मिठाईचा डबा, अंड्यांचे ट्रे, संत्र्याची जाळी: टिकतील अशा घरगुती शोभेच्या वस्तू

मागच्या मे महिन्यात नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमारास आमच्या समोरच्या खोलीतली भिंतीवरची शोभा धप्पकन खाली आली. नातीनं टूथपेस्टच्या खोक्यांचं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं काहीतरी फार सुंदर केलं होतं. खोकी जशीच्या तशी होती, फक्त एकमेकांपासून सुटली होती. बोट लावलं तर गोंद चिकट, लोण्यासारखा मऊ. ती भिंत पश्चिमेची, उन्हानं तापलेली, आणि खोकी जोडली होती ग्लू गननं. जो गोंद गरमीनं पातळ करून लावायचा, तो नागपूरच्या मे महिन्यात गरमीनं सुटणारच. पोरीचं काही चुकलं नव्हतं. तिनं मोबाइलवर पाहून केलं होतं, आणि ते दाखवणाऱ्याच्या गावात बहुतेक पंचेचाळीस डिग्री होत नसेल.

नागपूरच्या इतवारीतल्या एका बाइंडिंगच्या दुकानात मी २६ वर्षं काम केलं. फर्म्यांच्या, म्हणजे छापलेल्या मोठ्या तावांच्या, घड्या घालायच्या, जुज म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे शिवायचे, पुठ्ठ्यावर कापड चढवायचं. त्यामुळे मिठाईचा डबा किंवा कुरिअरचं खोकं हाती आलं की मला त्यात कचरा दिसत नाही, चांगला पुठ्ठा दिसतो. या पुठ्ठ्यापासून केलेली वस्तू दहा-दहा वर्षं टिकते. माझ्या कपाटावर अशा वस्तू आहेत. पण त्यासाठी पुठ्ठा कसा वाकतो, कशानं चिकटतो आणि कसा वाळतो, या तीन गोष्टी हाताला कळाव्या लागतात. रंगकाम, मणी, आरसे हे त्यानंतरचं. बहुतेक जण सुरुवातच मण्यांनी करतात आणि पावसाळ्यात सगळं घंटागाडीत टाकतात. तसं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आधी पुठ्ठा ओळखा

मिठाईचा डबा, साबणाचं खोकं, चहाचं खोकं हे सहसा डुप्लेक्स बोर्डाचं असतं. बाहेरून पांढरं गुळगुळीत, आतून राखाडी. कुरिअरचं खोकं नालीदार पुठ्ठ्याचं. दोन कागदांच्या मध्ये एक लाटांचा कागद असेल तर ते थ्री-प्लाय, दोन लाटा असतील तर फाइव्ह-प्लाय. टीव्ही, मिक्सर यांची खोकी बहुधा फाइव्ह-प्लायची येतात आणि ती साध्या कात्रीनं कापायला जाऊ नका, अंगठा सोलून निघेल. कटरच घ्या आणि एका दमात कापू नका. त्याच रेषेवरून चार-पाचदा हलक्या हातानं फिरवा.

प्रत्येक पुठ्ठ्याला कल असतो. छापखान्यातली माणसं त्याला ग्रेन म्हणतात. डब्याचं झाकण हातात घ्या, आधी लांबीकडून आणि मग रुंदीकडून हळूच वाकवून पाहा. एका बाजूनं तो पटकन ऐकेल, दुसऱ्या बाजूनं अडून बसेल. जिकडे ऐकतो तिकडची घडी साफ येते. उलट्या बाजूनं घडी घालायची वेळ आलीच तर संपलेल्या बॉलपेनचं टोक स्टीलच्या पट्टीला लावून दोनदा ओढा, पुठ्ठ्यावर खोलगट रेघ उमटेल, मग त्या रेघेवर मोडा. हे न करता नुसतं मोडलं तर वरचा पांढरा थर फाटून राखाडी धागे बाहेर येतात आणि मग कितीही रंग लावा, कडा भिकारच दिसते.

खळ

फेविकॉल चालतो, चांगलाही आहे. पण मोठ्या कामाला मी खळच करते. ती उन्हानं वितळत नाही, पैसे लागत नाहीत, आणि कागद चुकीचा बसला तर दोन-तीन मिनिटं सरकवता येतो. फेविकॉल तेवढा वेळ देत नाही.

अर्धी वाटी मैदा घ्या आणि अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी न राहू देता कालवा. दुसरीकडे दोन वाट्या पाणी उकळा. उकळी आली की गॅस बारीक करून कालवलेला मैदा त्यात धार धरून सोडा आणि दुसऱ्या हातानं ढवळत राहा. पांढरटपणा जाऊन थोडी काचेसारखी झाक आली आणि चमचा उचलल्यावर जाडसर धार पडली की उतरवा. चिमूटभर तुरटीची पूड घाला. जुन्या सुती कापडातून गाळून घेतली तर हातावर लोणी लावल्यासारखी लागते.

आमच्या दुकानात खळीत मोरचूद टाकत, कसर लागू नये म्हणून. मोरचूद विषारी आहे. घरात लहान मुलं असतील, खळ स्वयंपाकाच्या भांड्यात होणार असेल, तर टाकू नका. मी आता पाण्याऐवजी कडुनिंबाचा पाला उकळून गाळलेलं पाणी वापरते. खळ जराशी हिरवट दिसते, वाळल्यावर कळत नाही. उन्हाळ्यात ही दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा.

आणखी एक, कारण इथेच सगळ्यांचं बिघडतं. पुठ्ठ्याच्या एका बाजूला खळ लावून कागद किंवा कापड चिकटवलं की वाळताना ते आखडतं आणि पुठ्ठा त्या बाजूला ताटलीसारखा वर येतो. उपाय एकच: दुसऱ्या बाजूलाही कागद चिकटवायचा. मग दोन्हीकडची ओढ सारखी होते. आणि वाळवायचं ते वजनाखाली, पंख्याखाली नाही. दुकानात शिकंजा होता, घरी पाटा आहे. पाटा नसेल तर दोन पाट आणि त्यांच्यावर गव्हाचा डबा.

मिठाईच्या डब्याचा कोनाडा

नागपूरच्या महाल भागातल्या ज्या वाड्यात मी सून म्हणून आले तिथे भिंतीभिंतीला कोनाडे होते. कोनाड्यात दिवा, कुंकवाचा करंडा, सासूबाईंचा चष्मा. फ्लॅटमध्ये आल्यावर मला सगळ्यात जास्त काय चुकलं असेल तर ते कोनाडे. म्हणून मी डब्यांचे कोनाडे करते.

आमच्याकडे पाहुणा जाताना संत्रा बर्फी घेऊन जातो आणि आला की त्याच्या गावची मिठाई घेऊन येतो, त्यामुळे अर्धा किलोचे डबे घरात कायम असतात. डबा आतून बोटानं चाचपा. तुपाचा डाग मोठा असेल तर तो घेऊ नका. तुपावर खळ धरत नाही आणि मुंग्या, झुरळं मात्र येतात.

झाकण आणि तळ वेगळे करा. दोघांच्या बाहेरच्या चकचकीत अंगावर बारीक पॉलिशपेपर फिरवा, नाहीतर खळ घसरते. आता गंमत अशी की तळ झाकणात बसतोच, तसाच तो बनवलेला असतो. झाकणाला आतून सगळीकडे खळ लावा आणि तळ त्यात तोंड वर ठेवून घट्ट बसवा. भिंत दुहेरी झाली. एकेरी डबा हातानं दाबला तर चेपतो, हा चेपत नाही. लगेच आत मिठाच्या एक-एक किलोच्या पिशव्या ठेवा म्हणजे तळ दाबला जाईल, आणि चारही बाजूंना कपडे वाळवायचे चिमटे लावा. रात्रभर तसंच राहू द्या.

दुसऱ्या दिवशी कापड. जुनी सुती साडी सगळ्यात चांगली, कारण ती धुऊन धुऊन आटून बसलेली असते. सिंथेटिक घेऊ नका, खळ पितच नाही. आधी आतला तळ, त्याच्या मापापेक्षा सगळीकडून अर्धा बोट मोठा. मग आतल्या बाजू. मग एक लांब पट्टी बाहेरून, तिची कड वरून आत वळवायची. कोपऱ्यात कापड गोळा होतं तिथे कात्रीनं तिरका छेद द्या आणि एकावर एक बसवा. मी आतून नेहमी गडद रंग लावते, मेंदी नाहीतर वांगी, आणि बाहेरून फिका. असं केलं की कोनाडा खोल वाटतो. आत ठेवलेली पितळेची छोटीशी गणपतीची मूर्ती संध्याकाळच्या उजेडात फार देखणी दिसते.

यात दिवा मात्र लावायचा नाही. कापड आणि पुठ्ठा आहे.

टांगायला मागच्या बाजूला वर दोन भोकं पाडा, त्यातून सुताची दोरी ओवा आणि आतल्या बाजूनं शर्टाचं बटण अडकवून गाठ मारा. बटण नसेल तर वजनानं भोक फाटत जातं. दोनशे-अडीचशे ग्रॅमपेक्षा जास्त ठेवू नका.

लगद्याचं टोपलं

हे मी आईकडून शिकले. आईचं माहेर भंडाऱ्याकडचं. तिथे घरोघरी कागदाच्या लगद्याची टोपली असत, त्यात मूगवड्या, पापड, चिंच ठेवत. आई वर्तमानपत्राची रद्दी घ्यायची. मी अंड्यांचे ट्रे घेते, कारण ते मुळातच लगद्याचे असतात, पाण्यात पडले की सुटतात. किराणा दुकानातून विचारून आणा, दुकानदार खुशीनं देतो.

एका मध्यम टोपल्याला तीस अंड्यांचे तीन ट्रे पुरतात. तुकडे करून बादलीत भिजत घाला. दोन दिवस. रोज पाणी बदला, नाहीतर वास मारतो. दुसऱ्या रात्री वेगळ्या वाटीत अर्धी वाटी मेथीदाणे भिजत घाला. तिसऱ्या दिवशी ट्रेचा चोथा मिक्सरमधून काढा, एका वेळी मूठभर आणि भरपूर पाण्याबरोबर. पाणी कमी पडलं की मिक्सर घुरघुरतो आणि मोटर जळायचा वास येतो. माझं एक भांडं असंच गेलं. आता मी या कामाला जुनं, चटणीला न लागणारं भांडं वेगळं ठेवलं आहे. मेथी वाटताना पाणी कमी, अगदी चिकट गोळा व्हायला हवा.

लगदा कापडात बांधून पिळा. किती पिळायचा? हातात घेऊन मूठ दाबली की बोटांमधून थेंब येऊ नये, पण मूठ उघडल्यावर गोळा फुटूही नये. त्यात मेथीचा गोळा आणि एक वाटी मुलतानी माती घाला आणि मळा. ज्वारीच्या भाकरीचं पीठ मळतो तसं, तळहाताच्या टाचेनं, पुढे रेटत. दहा-पंधरा मिनिटं तरी. सुरुवातीला तो हातातून भुरभुर सुटतो, मग एकदम एका क्षणी चिकणमातीसारखा होतो, गारेगार आणि जड, आणि मेथीचा कडवट वास खोलीभर पसरतो. तो वास म्हणजेच राखण. एक वर्ष मी कंटाळा करून मेथी टाकली नव्हती, नुसत्या फेविकॉलवर केलं. श्रावणात त्या टोपल्यावर पांढरी बुरशी आली आणि दिवाळीत उचललं तर बुडाला कसरीनं खाल्लेली भोकं.

एक गंज पालथा ठेवा. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. त्याच्यावर दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, कापून, सपाट पसरून लावा म्हणजे लगदा भांड्याला धरणार नाही. आता बुडापासून सुरुवात करून खाली येत लगदा थापा, जाडी अर्ध्या बोटाची. तळहात सारखा पाण्यात बुडवत राहा. जिथे भेग दिसेल तिथे ओल्या अंगठ्यानं मिटवा. काठाला जाडी थोडी जास्त ठेवा.

वाळवण्याची घाई नको. एप्रिल-मेच्या उन्हात थेट गच्चीवर ठेवलं तर बाहेरून तडतड वाळतं, आत ओलं राहतं, आणि तडा जातो. पहिला दिवस सावलीत. दुसऱ्या दिवशी वरून कोरडं, दाबलं तर कातड्यासारखं लवचीक लागेल, तेव्हाच भांड्यावरून काढा. हा क्षण चुकवू नका. लगदा वाळताना आकसतो. पूर्ण वाळेपर्यंत गंजावर ठेवला तर तो गंजाला असा आवळून बसतो की काढताना टोपलं मोडतं. काढल्यावर दुधाच्या पिशव्या सोलून घ्या, टोपलं उताणं करा आणि सकाळचं कोवळं ऊन दोन दिवस दाखवा. बोटानं टिचकी मारली की लाकडासारखा टकटक आवाज यायला हवा. ढप आवाज आला तर अजून ओल आहे.

मग खळीनं जुन्या वहीच्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या आतबाहेर लावायच्या, एक थर उभा, एक थर आडवा. कागद फाडायचा, कापायचा नाही. फाटलेली कड पातळ असते, तिचा उठाव दिसत नाही. वाळल्यावर गेरू खळीच्या पातळ पाण्यात कालवून दोन हात. वर पांढऱ्या रंगाचे ठिपके, काडीच्या टोकानं. एवढंच. माझ्या मते लगद्याच्या टोपल्याला यापेक्षा जास्त नटवू नये. ते मातीसारखं दिसतं तेच त्याचं रूप आहे.

यात लिंबं, कांदे ठेवू नका, ओल लागते. लोकरीचे गुंडे, किल्ल्या, वाळलेल्या कापसाच्या बोंडांच्या काड्या, असं ठेवा.

जाळीचा छापा

संत्र्याच्या लाल-पिवळ्या जाळ्या आमच्याकडे दोनदा साठतात, एकदा आंबिया बहाराची संत्री येतात तेव्हा दिवाळीनंतर, आणि परत मृग बहाराच्या वेळी उन्हाळ्याच्या तोंडावर. पुष्कळ जणी ती जाळी बरणीला गुंडाळून आत पणती लावतात. तसं करू नका. जाळी प्लॅस्टिकची असते, तापली की वितळते आणि पेटतेही. जाळीचा छापा घ्या.

लोणच्याची किंवा कॉफीची बरणी कोमट पाण्यात तासभर बुडवली की लेबल सुटतं. गोंद राहतो तो खोबरेल तेल आणि खाण्याचा सोडा एकत्र करून चोळा, मग साबणानं धुवा. पूर्ण कोरडी झालेली बरणी जाळीत घालून तोंडाशी आणि बुडाशी रबर लावून ताणा. स्पंजच्या तुकड्यावर अॅक्रेलिक रंग अगदी थोडा घ्या, आधी कागदावर टिपून कोरडा करा, आणि मग बरणीवर टप टप टेकवत जा. ओढायचा नाही. दहा मिनिटांनी जाळी सोलून काढा. माशाच्या खवल्यांसारखी नक्षी राहते, मधल्या रेषा काचेच्या. आत दोन बोटं वाळू टाकून पणती ठेवली की भिंतीवर सगळीकडे खवले उमटतात. तोंड रुंद असलेलीच बरणी घ्या, अरुंद तोंडाची वर तापून तडकते.

महालक्ष्म्यांचं मखर

थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून तर देशभर. मला त्याचं वाईट वाटलं नाही. कुरिअरच्या थ्री-प्लाय खोक्याचे खांब थर्माकोलपेक्षा जास्त डौलदार दिसतात. खोकं उघडून सपाट करा. एका बाजूच्या कागदावर ओलं फडकं पाच मिनिटं अंथरा, मग तो कागद कोपऱ्यातून धरून सोला. आतल्या लाटा उघड्या पडतात. लाटा उभ्या ठेवून हा पुठ्ठा पाण्याच्या बाटलीभोवती गुंडाळा, सुतळीनं बांधून वाळवा, बाटली काढून घ्या. देवळातल्या खांबासारखा, उभ्या पन्हाळ्यांचा खांब तयार. पांढरा रंग द्यायचा आणि वर-खाली मिठाईच्या डब्याच्या सोनेरी कागदाची पट्टी. कमान फाइव्ह-प्लायची कापा. सगळं दोरीनं बांधा, चिकटवू नका, म्हणजे विसर्जनानंतर सोडून पलंगाखाली सरकवता येतं. माझं मखर चौथ्या वर्षात आहे.

त्याच सोनेरी कागदातून उरलेल्या तुकड्यांची बाशिंगं आणि झुली करून नात तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या लहान मुलांच्या पोळ्याला, तिच्या लाकडी नंदीला सजवते. सकाळी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक पाहून यायची, दुपारभर नंदी.

काय घरात आणू नका

चिप्सची चकचकीत पाकिटं, तेलाच्या पिशव्या, बिलाचा गुळगुळीत कागद. यांना खळही धरत नाही, रंगही नाही. तेलाचे पत्र्याचे डबे कापायचे असतील तर कड हातोडीनं आत वळवल्याशिवाय मुलांच्या हाती देऊ नका. आणि जमिनीवर, भिंतीला टेकून पुठ्ठे साठवू नका, वाळवी लागते. कपाटावर, उभे, आणि जास्तीत जास्त वीतभर. त्यापेक्षा जास्त झाले की रद्दीवाल्याला द्यायचे.

तयार वस्तू कूलरच्या समोरच्या भिंतीवर लावू नका. कूलरची हवा दिवसभर ओली येते, पुठ्ठा ती पितो आणि नरम पडतो. माझी नात विचारत होती, "आजी, मग ते पोळं काहून पुन्हा त्याच भिंतीवर लावलं?" कारण आता ते खळीनं आणि मधे कापडाच्या पट्ट्या घालून जोडलंय, आणि तिथे ऊन आहे, कूलर नाही. यंदाचा नवतपा त्याची परीक्षा घेईल. या वर्षीच्या टोपल्यांसाठी ट्रे कालच भिजत घातलेत, आज संध्याकाळी मेथी घालायची आहे.